न आठवणारी इजा : आयुष्याच्या सुरुवातीलाच आघात सोसलेल्या मुलाचे प्रतिपालन

प्रतिपालनासाठी, म्हणजे जन्मकुटुंबापासून दूर झाल्यावर दुसऱ्या कुटुंबात काही काळ सांभाळले जाण्यासाठी (फॉस्टर केअर), येणाऱ्या मुलाबरोबर जी कागदपत्रे येतात, त्यांत बहुधा त्याचे वय, लसीकरण, इयत्ता आणि कुटुंबापासून दूर होण्याचे अधिकृत कारण एवढेच लिहिलेले असते. पहिल्या दोन-तीन वर्षांत ते किती वेळा उपाशी झोपले, रडल्यावर कोणी जवळ आले की नाही, किती जणांच्या हातांतून ते फिरले, घरातल्या मारहाणीचे आवाज त्याने अंथरुणातून ऐकले का, यांची नोंद कुठेही नसते. मूलही ते सांगू शकत नाही, कारण ज्या वयात हे घडले त्या वयात त्याच्याजवळ शब्द नव्हते. मग ‘तेव्हा तो फार लहान होता, त्याला काही आठवत नाही’ असे म्हणून विषय संपवला जातो. माझ्या मते प्रतिपालक पालकांचे सर्वाधिक नुकसान करणारा समज हाच आहे. मुलाला आठवत नाही हे खरे असते. पण त्यामुळे त्याला काही झालेले नाही, असे मात्र ठरत नाही.

पुढील मार्गदर्शन अशा मुलांसाठी आहे, ज्यांच्या आघाताची कहाणी कोणालाच नीट ठाऊक नाही. ती कहाणी खणून काढणे हे पालकांचे काम नव्हे. आज, या घरात, पुढे काय होणार हे मुलाला आधीच कळावे आणि जे कळले ते तसेच घडावे, इतके स्थिर आयुष्य त्याला देणे हे ते काम आहे.

आधी समजून घ्यायचे : शब्दांपूर्वीची स्मृती

साधारण तीन-साडेतीन वर्षांपूर्वीचे प्रसंग मोठेपणी बहुतेकांना सांगता येत नाहीत. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग प्रसंगांची सुसंगत स्मृती घडवतो आणि तो त्या वयात पुरेसा पक्व झालेला नसतो. परंतु शरीराची आणि भावनांची स्मृती जन्मापासूनच काम करत असते. विशिष्ट वास, आवाजाची पट्टी, दार आपटणे, अंधार किंवा भूक यांच्याशी भीती जोडली गेली असेल, तर ती जोडणी प्रसंग न आठवताही टिकून राहते. म्हणूनच आठ वर्षांचे मूल एखाद्या विशिष्ट वासाने बिथरते आणि ‘का?’ असे विचारल्यावर प्रामाणिकपणे ‘माहीत नाही’ असे सांगते. ते खोटे बोलत नसते.

बाळाला स्वतःचा ताण स्वतः उतरवता येत नाही. मोठे माणूस त्याला उचलून घेते, थोपटते, दूध पाजते आणि त्याचे शरीर शांत होते. हे पुन्हा पुन्हा घडत गेल्यावरच पुढे मुलाला स्वतःला सावरता येऊ लागते. जिथे हे घडत नाही, किंवा ज्याच्याकडून भीती वाटते तोच सांभाळणाराही असतो, तिथे मुलाची ताणयंत्रणा सतत जागी राहते किंवा अगदी मंदावते. दीर्घ उपेक्षेत वाढलेल्या काही मुलांमध्ये कॉर्टिसोल या ताणाशी संबंधित संप्रेरकाची सकाळी वाढून दिवसभर उतरत जाणारी नेहमीची लय सपाट झालेली आढळते. आघात म्हणजे केवळ मारहाण, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते. जे घडायला हवे होते ते न घडणे, म्हणजेच उपेक्षा, हाही आघातच आहे. उपेक्षा अंगावर वळ उठवत नाही, म्हणून ती सर्वांत सहज लपते.

चांगल्या कुटुंबात येण्याने काय बदलते आणि काय सहज बदलत नाही, याचा एक महत्त्वाचा पुरावा बुखारेस्टमधील संशोधनातून मिळाला. रोमानियातील या प्रकल्पात २००० सालापासून चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी संस्थांमध्ये वाढणाऱ्या १३६ लहान मुलांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबांत पाठवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धीची वाढ, भावबंध आणि भावनिक आरोग्य सुधारले आणि जी मुले वयाच्या साधारण दोन वर्षांच्या आत गेली त्यांना अधिक लाभ झाला. लक्ष केंद्रित न होणे आणि अतिचंचलता मात्र तितकी हटली नाही. पालकांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. घर खरोखरच औषधासारखे काम करते. आणि काही अडचणी उत्तम घरातही उरतात, त्या उरल्या म्हणून आपले प्रेम कमी पडले असा अर्थ होत नाही.

मूल येण्यापूर्वी : योग्य प्रश्न विचारणे

समाजकार्यकर्त्यांना ‘मुलाला काही त्रास आहे का?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा ‘तसे विशेष काही नाही’ असे येते. प्रश्न नेमके असावेत. जन्मापासून मूल किती ठिकाणी राहिले आणि प्रत्येक ठिकाण का बदलले? आई गरोदर असताना दारू, अमली पदार्थ किंवा हिंसा होती का? जन्म अपुऱ्या दिवसांचा होता का, आणि बाळ रुग्णालयात एकटे किती काळ राहिले? रात्री त्याला कोण झोपवत असे आणि कसे? ते घाबरल्यावर काय करते : रडते, पळते, लपते, गोठून उभे राहते की हसते? कोणत्या व्यक्तीवर त्याचा जीव आहे? शेवटचा प्रश्न हमखास विसरला जातो. पूर्वीच्या कठीण आयुष्यातही मुलाचे कोणीतरी असू शकते, आणि त्या माणसापासून ते तुटले असेल तर ते दुःखही त्याच्यासोबत आपल्या घरी येणार असते.

शक्य असेल तर त्याचे अंथरूण-पांघरूण, जुना कपडा किंवा खेळणे न धुता सोबत मागून घ्यावे. ओळखीचा वास ही अनोळखी घरातली एकमेव ओळखीची गोष्ट असू शकते.

पहिल्या महिन्यात पूर्ण वैद्यकीय तपासणी

प्रत्येक वर्तनाला आघाताचे नाव देण्यापूर्वी शरीर तपासून घ्यावे. ऐकू कमी येणारे मूल आज्ञा मोडणारे वाटते. रक्तक्षय, दातदुखी, कृमी, जुनाट बद्धकोष्ठता आणि झोपेत श्वास अडकवणारे टॉन्सिल यांमुळे मूल चिडचिडे आणि विस्कळीत होते. रक्तातील शिशाचे प्रमाण, दृष्टी, थायरॉइड आणि वाढीचा आलेख पाहून घ्यावा. अधूनमधून काही क्षण शून्यात पाहणारे मूल मनाने बधिर झालेले असू शकते, तसेच त्याला अपस्माराचे सूक्ष्म झटकेही येत असू शकतात. हा फरक घरी ठरवता येत नाही, त्यासाठी बालमेंदूतज्ज्ञाकडे जावे लागते. गर्भावस्थेत दारूचा संपर्क आला असेल तर मुलाला कार्यकारणभाव आणि क्रमवार सूचना समजण्यातच अडचण असू शकते, आणि अशा मुलाला बक्षीस-शिक्षेच्या पद्धतीने शिकवू पाहणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरते.

तपासणी हीदेखील अनोळखी माणसाने अंगाला हात लावण्याची घटना असते. डॉक्टरांना आधी कल्पना द्यावी, मुलाला प्रत्येक पायरी सांगावी, आणि तातडीचे नसेल ते सर्व एकाच दिवशी उरकण्याचा अट्टहास धरू नये.

पहिले आठवडे : लहान, संथ आणि ठरलेले जग

नवे मूल आले की नातेवाईक भेटायला येऊ पाहतात, फिरायला नेण्याचे बेत ठरतात, भेटवस्तूंचा ढीग लागतो. हे सर्व काही आठवडे लांबवावे. मुलाला या काळात कमी माणसे, कमी आवाज आणि तोच तो दिनक्रम हवा असतो. उठणे, खाणे, अंघोळ, खेळ आणि झोप यांचा क्रम चित्रांच्या पट्टीवर भिंतीला लावावा. शब्द ऐकून विसरले जातात, आणि ताणात असलेल्या मुलाला तर ते नीट ऐकूही येत नाहीत. चित्र मात्र तिथेच राहते. बदल होणार असेल तर तो आधी सांगावा, आणि सांगितलेले पाळता येणार नसेल तर तेही लगेच सांगावे.

अन्नाविषयी मुळीच झगडा करू नये. उपासमार अनुभवलेले मूल उशीखाली, दप्तरात किंवा कपड्यांच्या घडीत खाणे लपवते, पोट दुखेपर्यंत खाते, किंवा दुसऱ्याच्या ताटावर नजर ठेवते. याला चोरी म्हणू नये. ठरावीक वेळांनी, साधारण दोन ते तीन तासांच्या अंतराने खायला द्यावे आणि मुलाच्या हाताला येईल अशा जागी त्याच्या नावाचा एक डबा ठेवून तो कधीही रिकामा राहू देऊ नये. लपवलेले अन्न सापडले तर नासलेले तेवढे शांतपणे काढून त्या जागी टिकणारा खाऊ ठेवावा आणि सांगावे, ‘इथे खायला नेहमी असेल. हवं तेव्हा घे.’ साठवणे बंद व्हायला महिने लागतात, कधी त्याहूनही जास्त. अन्न रोखणे ही शिक्षा या घरात कधीही नसावी. ‘न जेवल्यास गोड मिळणार नाही’ असे वाक्यही नको.

झोप ही बहुतेक घरांत सर्वांत कठीण बाब असते. झोपणे म्हणजे पहारा सोडणे, आणि काही मुलांसाठी धोका रात्रीच येत असे. मंद दिवा लावावा, दार उघडे हवे की बंद हे मुलाला ठरवू द्यावे, रात्री त्याच्या खोलीत जाण्यापूर्वी हलके बोलून स्वतःची चाहूल द्यावी आणि झोपेतून दचकवून उठवू नये. मुलाला झोप लागेपर्यंत दाराशी बसावे लागत असेल तर बसावे. सवय लागेल, ही भीती इथे गैरलागू आहे. कोणीतरी येते ही सवयच तर या मुलाला लागलेली नाही.

अंघोळ, कपडे बदलणे आणि शौचालय यांबाबत घरातील नियम पहिल्या दिवसापासून स्पष्ट आणि सर्वांसाठी सारखे असावेत : दार वाजवून आत जायचे, अंगाला हात लावण्यापूर्वी विचारायचे, मुलाला स्वतः करता येईल ते त्यालाच करू द्यायचे. लैंगिक अत्याचार झाला होता की नाही हे कागदोपत्री कळलेले नसले, तरी तो झाला असू शकतो असे गृहीत धरूनच हे नियम पाळावेत. त्यांनी मुलाचे आणि घरातील इतरांचेही रक्षण होते.

शांत मूल : ज्याच्याकडे सर्वांत उशिरा लक्ष जाते

आदळआपट करणारे मूल निदान सर्वांना दिसते. याउलट एखादे मूल पहिल्याच दिवसापासून सांगितलेले ऐकते, रडत नाही, काही मागत नाही, पडून गुडघा फुटला तरी आवाज करत नाही, आणि सगळे म्हणतात, ‘किती छान रुळलं!’ जेम्स रॉबर्टसन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून लंडनमध्ये, आईवडिलांपासून दूर रुग्णालयात राहणाऱ्या लहान मुलांचे निरीक्षण केले. आधी मूल आक्रोश करते, मग निराश होऊन गप्प पडते आणि शेवटी भावनिकदृष्ट्या अलिप्त होते, असे तीन टप्पे त्यांना दिसले. कर्मचारी गप्प आणि अलिप्त झालेल्या मुलालाच रुळलेले समजत असत. ही गफलत आजही घडते.

अशा मुलाबाबत पुढील खुणा पाहाव्यात. दुखले-खुपले तर ते कोणाकडे जाते का? थंडी, भूक, लघवीची निकड त्याला जाणवते का, की कोणी सांगेपर्यंत कळतच नाही? निवड करायला सांगितल्यावर ते आपला चेहरा वाचून उत्तर देते का? घरातील मोठ्यांच्या मनःस्थितीवर त्याची सतत नजर असते का? स्वतःपेक्षा धाकट्या भावंडांना ते आईसारखे सांभाळते का? यांपैकी अनेक गोष्टी दिसत असतील तर मूल आज्ञाधारक नसून सावध आहे, असे समजावे.

उपाय असा की मागण्याची वाट पाहू नये. ‘तुला थंडी वाजत असेल, हे घे पांघरूण’, ‘गुडघा दुखत असेल ना, मी बघतो’ असे म्हणत त्याच्या शरीराच्या गरजा आपण आधी ओळखाव्यात आणि त्यांना शब्द द्यावेत. छोट्या, सुरक्षित निवडी रोज द्याव्यात आणि त्याने काहीही निवडले तरी ते मान्य करावे. काही महिन्यांनी असे मूल एके दिवशी कुरकुर करते, हट्ट धरते, ‘नाही’ म्हणते. त्या वेळी घरातील काहींना ते बिघडले असे वाटते. वस्तुतः ‘नाही’ म्हटले तरी आपल्याला कोणी सोडून देणार नाही, असे त्याला प्रथमच वाटू लागलेले असते.

नोंदवही : कहाणी नसताना वापरायचे साधन

पूर्वेतिहास नसेल तर वर्तमान नीट टिपावे. रोज चार ओळी पुरेत : काय घडले, त्याच्या अर्धा तास आधी काय चालू होते, मुलाच्या शरीरात कोणते बदल दिसले, आणि ते किती वेळाने व कशामुळे सावरले. चौथी नोंद अनेकदा राहून जाते आणि खरे तर तीच सर्वांत उपयोगाची असते. सहा-आठ आठवड्यांनी पाने चाळली की आकृतिबंध दिसू लागतात. एखाद्या मुलाचे सगळे उद्रेक जेवणाआधीच्या तासात असतात. एखादे मूल कोणी फोनवर मोठ्याने हसले की पलंगाखाली जाते. एखाद्याला शनिवार-रविवार सहन होत नाही, कारण त्या दिवशी क्रम ठरलेला नसतो. कारण कळले नाही तरी चालते. चाहूल कळली की वेळ, जागा किंवा आवाज बदलता येतो.

नोंदी करताना ‘मुद्दाम केले’, ‘लक्ष वेधण्यासाठी केले’ असे निष्कर्ष लिहू नयेत. फक्त पाहिलेले लिहावे. तज्ज्ञांपुढे आणि समाजकार्यकर्त्यांपुढे अशाच नोंदींना वजन असते.

उद्रेकाच्या वेळी आणि नंतर

तीव्र भीतीत मेंदूचा विचार करणारा भाग मागे पडतो आणि अमिग्डलासारखी धोक्याची सूचना देणारी केंद्रे पुढे येतात. त्या क्षणी समजावणे, जाब विचारणे किंवा परिणामांची यादी वाचणे निष्फळ ठरते. बालमनोविकारतज्ज्ञ ब्रूस पेरी यांनी यासाठी एक क्रम मांडला आहे : आधी शरीर शांत करणे, मग नाते जोडणे आणि त्यानंतरच तर्काने बोलणे. व्यवहारात तो असा उतरतो.

प्रथम धोका दूर करावा : इतर मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवावे, टोकदार वस्तू उचलाव्यात. मग स्वतःचा श्वास सावकाश करावा, आवाज खाली आणावा, मुलाच्या उंचीच्या खाली बसावे, समोरासमोर न बसता बाजूला बसावे आणि दाराची वाट अडवू नये. बोलायचे ते फार थोडे : ‘मी इथे आहे. तू सुरक्षित आहेस. मी कुठे जात नाही.’ काही मुलांना स्पर्श चालतो, काहींना तो हल्ला वाटतो. हे आधीच्या नोंदींवरून ठरवावे. पाणी पिणे, झोका, पळणे, उशी घट्ट दाबणे, एका लयीत चालणे अशा शारीरिक क्रिया शब्दांपेक्षा लवकर काम करतात.

मूल सावरल्यानंतर, कधी त्याच दिवशी तर कधी दुसऱ्या दिवशी, थोडक्यात बोलावे. मानसशास्त्रज्ञ डॅन ह्यूज यांच्या पद्धतीत चार वृत्तींवर भर असतो : खेळकरपणा, स्वीकार, कुतूहल आणि सहानुभूती. ‘असं का केलंस?’ याऐवजी ‘मला वाटतं, मी दुसऱ्याशी बोलत होते तेव्हा तुला वाटलं असेल की मी तुला विसरले. तसं होतं का?’ असे विचारावे. अंदाज चुकला तरी हरकत नाही. कोणीतरी आपल्या मनात काय चालले असेल याचा विचार करते, हा अनुभवच मुलाला नवा असतो.

मर्यादा मात्र राहतातच. आघात सोसलेल्या मुलाला काहीही करू द्यावे, असा याचा अर्थ नव्हे; सैल घर त्याला अधिक घाबरवते. तोडलेली वस्तू आपल्यासोबत मिळून दुरुस्त करणे, दुखावलेल्या भावंडासाठी काही करणे, अशी भरपाई योग्य आहे. एकट्याला खोलीत बंद करणे, न बोलणे, ‘परत पाठवून देईन’ अशी धमकी, इतरांसमोर लाज आणणे आणि कोणत्याही प्रकारची मारहाण या गोष्टी पूर्णपणे वर्ज्य आहेत. एकांताऐवजी मुलाला जवळ बसवून घ्यावे. चांगल्या वागण्याबद्दल चांदणी चिकटवण्याचे तक्ते आणि बक्षिसे या मुलांवर फारशी चालत नाहीत, कारण चांदणी हुकली की ‘मी वाईटच आहे’ या त्यांच्या जुन्या समजुतीला आणखी एक पुरावा मिळतो. खोटे बोलण्याचेही तसेच आहे. चूक कबूल करणे म्हणजे हाकलले जाणे, असे शरीराने शिकलेले मूल तोंडाला चॉकलेट लागलेले असतानाही नाकारते. तिथे कबुलीसाठी अडून बसू नये. ‘चॉकलेट खाल्लेलं दिसतंय, चल तोंड धुऊ’ एवढे पुरते.

पालकांचाही तोल जातो. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळ यांच्या सूक्ष्म निरीक्षणातून दाखवले की निरोगी जोड्यांचेही सूर साधारण ३० टक्के वेळच जुळलेले असतात. उरलेला काळ सूर चुकण्यात आणि पुन्हा जुळवण्यात जातो. म्हणून आवाज चढला तर नंतर स्पष्ट सांगावे, ‘मी ओरडलो, ते चुकलं. तुझी चूक नव्हती.’ मोठ्या माणसाने नाते पुन्हा जोडायला आपणहून यावे, हे या मुलांनी बहुधा पाहिलेलेच नसते.

जवळ न येणारे आणि सर्वांच्या जवळ जाणारे मूल

मेरी डोझियर यांच्या संशोधनातून एक अवघड गोष्ट पुढे आली. उशिरा प्रतिपालनात आलेली बाळे घाबरल्यावर अनेकदा पालकांकडे येत नाहीत किंवा त्यांना दूर लोटतात, आणि मग पालकही नकळत मागे सरतात. ‘तिला मी नकोच आहे’ असे वाटून पालकाने हात आखडता घेतला की मुलाचा जुना अनुभव खरा ठरतो. यासाठीच पालकांनी ठरवून, मुलाने मागणी न करता, माया देत राहावे. मूल तोंड फिरवते तेव्हा जबरदस्तीने कवटाळू नये, पण खोलीतून निघूनही जाऊ नये. जवळ बसावे, त्याच्या खेळात त्याच्या मागोमाग जावे, डोळ्यांत डोळे घालण्याचा आग्रह न धरता शेजारी बसून चित्र काढावे, केस विंचरावेत, एकत्र काहीतरी बनवावे.

याच्या उलट, काही मुले अनोळखी माणसाच्याही मांडीवर जाऊन बसतात, कोणाबरोबरही निघून जातात. त्याला प्रेमळ स्वभाव समजून कौतुक केले जाते. खरे तर आपले माणूस आणि परके माणूस यांतील भेद त्यांच्यात घडलेला नसतो, आणि त्यात प्रत्यक्ष धोका असतो. अशा घरात काही महिने उचलून घेणे, भरवणे आणि कुशीत घेणे फक्त मुख्य पालकांनी करावे, आणि पाहुण्यांना हात मिळवण्यापुरतेच थांबायला नम्रपणे सांगावे. नातेवाईक रागावतात, रागावू द्यावेत.

भूतकाळाविषयी बोलणे

मुलाने विचारलेल्या प्रश्नाला त्याच्या वयाला झेपेल इतके खरे उत्तर द्यावे. माहीत नसेल तर ‘ते आपल्याला माहीत नाही, पण तुझ्या मनात काय येतं ते मला सांग’ असे म्हणावे. जन्मदात्यांना वाईट ठरवू नये, कारण मूल स्वतःला त्यांचाच अंश मानते. ‘त्यांना बाळाची काळजी घेता आली नाही, आणि ती काळजी तुला मिळायला हवी होती’ या वाक्यात खोटेपणा नाही आणि निंदाही नाही. छायाचित्रे, ठिकाणे, माणसे आणि तारखा यांची जीवनवही समाजकार्यकर्त्यांच्या मदतीने हळूहळू तयार करावी.

मूल अचानक अत्याचाराविषयी काही बोलले तर हातातले काम थांबवून शांतपणे ऐकावे. ‘त्यांनीच केलं का? तेव्हा असं झालं का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत. त्यामुळे पुढील चौकशीत मुलाचे म्हणणे दुबळे ठरू शकते. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला हे काही जणांना सांगावं लागेल’ असे म्हणावे, मुलाचे शब्द जसेच्या तसे तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत आणि त्याच दिवशी संबंधित अधिकाऱ्यांना कळवावे.

शाळा आणि भेटीगाठी

शिक्षकांना मुलाचा इतिहास नव्हे, तर त्याच्या गरजा सांगाव्यात : पाठ दाराकडे करून बसवू नका, अचानक खांद्यावर हात ठेवू नका, तास बदलण्याआधी पूर्वसूचना द्या, सावरण्यासाठी एक ठरलेली जागा आणि एक ठरलेली व्यक्ती असू द्या. ‘कुटुंबवृक्ष’ किंवा ‘माझे बाळपणीचे फोटो’ असे प्रकल्प येण्यापूर्वी कळवायला सांगावे.

जन्मकुटुंबाशी भेट झाल्यावर मूल एक-दोन दिवस बिथरले तर तेवढ्यावरून भेट हानिकारक ठरत नाही. भेटीच्या आनंदानेही आणि पुन्हा होणाऱ्या ताटातुटीनेही तसेच होते. भेटीनंतर कोणतेही कार्यक्रम ठेवू नयेत. मात्र मूल भेटीआधीच आजारी पडत असेल, नंतर स्वतःला इजा करत असेल किंवा काही उघड करत असेल, तर नोंदींसह ते वरिष्ठांपर्यंत न्यावे.

तज्ज्ञांची निवड

पाच-सहा वर्षांखालील मुलांसाठी पालक आणि मूल यांना एकत्र घेऊन केले जाणारे मानसोपचार अधिक योग्य ठरतात. मोठ्या मुलांसाठी आघात-केंद्रित वर्तन-बोधन उपचारपद्धतीला (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे यांवर काम करणाऱ्या मानसोपचाराला) संशोधनाचा चांगला आधार आहे. ती साधारण ३ ते १८ वर्षांच्या वयोगटासाठी विकसित झाली. मात्र तिच्या मांडणीत प्रसंग शब्दांत सांगण्याला मोठे स्थान आहे, म्हणून शब्दांपूर्वीच्या आघातात तज्ज्ञांना ती जुळवून घ्यावी लागते. पालकांना खोलीबाहेर बसवून ‘मुलाला आठवड्यातून एकदा पाठवा’ असे सांगणाऱ्यांपेक्षा पालकांसोबत काम करणारे तज्ज्ञ निवडावेत. मुलाला जबरदस्तीने दाबून धरणे, त्याचा राग मुद्दाम भडकवणे, ‘पुनर्जन्म’ घडवणे अशा नावांखाली चालणारे प्रकार टाळावेत. त्यांतून मुले दगावलेली आहेत. कोणतेही औषध आघात बरा करत नाही, परंतु सोबत असलेली अतिचंचलता, झोपेचा विकार किंवा नैराश्य यांसाठी बालमनोविकारतज्ज्ञ औषध देत असतील तर ते नाकारण्याचेही कारण नाही.

इथे एक इशारा द्यायला हवा. बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरील व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून अशा अनुभवांची ‘गुणसंख्या’, म्हणजे किती प्रकारचे अनुभव आले याची बेरीज, सर्वत्र वापरली जाते. ती मोठ्या लोकसमूहांचा धोका मोजण्यासाठी होती. एका मुलाचे भवितव्य तिच्यावरून सांगता येत नाही, आणि २०२० मध्ये अँडा यांनी सहकाऱ्यांसह तिच्या अशा वापराविरुद्ध स्पष्टपणे लिहिले आहे. कोणी मुलाची बेरीज करून त्याचे आयुष्य सांगू लागले तर ते ऐकून घेऊ नये.

स्वतःला किंवा लहान मुलांना गंभीर इजा, आग लावणे, प्राण्यांना क्रूरपणे वागवणे, मरणाची भाषा, अन्नपाणी पूर्ण बंद करणे यांपैकी काहीही घडल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता तातडीची मदत घ्यावी.

पालकांचे स्वतःचे शरीर-मन

दिवसेंदिवस नाकारले गेल्यावर पालकांचीही माया आटल्यासारखी होते. मुलाचे सगळे काम हात करतात, पण मनात काहीच उमटत नाही. ही दुष्टता नाही. दीर्घ ताणाखाली पालकांच्या मेंदूतील वात्सल्याची यंत्रणा मिटून घेते. अशी अवस्था लपवू नये. जोडीदाराशी पाळ्या ठरवाव्यात, विश्वासू माणसाकडे ठरावीक विसावा घ्यावा (मुलाला आधी सांगून, आणि परतण्याची वेळ पाळून), इतर प्रतिपालक पालकांशी बोलावे. मुलाच्या वागण्याने आपल्याच बालपणातील काही जागे होत असेल तर त्यासाठी स्वतःचा समुपदेशक गाठावा. घरातील इतर मुलांनाही रोज थोडा वेळ फक्त त्यांचा असा मिळायला हवा.

बदल कसा ओळखावा, आणि मूल जाणार असेल तर

उद्रेक थांबले का, हे मोजू नये. ते किती वेळ टिकतात आणि मूल कोणाकडे येऊन सावरते, हे पाहावे. लागल्यावर ते आपल्याला दाखवायला येते, रात्री हाक मारते, दुसऱ्या मुलाला जवळ घेतले तर मत्सर करते, खेळता खेळता मागे वळून आपण आहोत ना हे बघते : या खऱ्या खुणा आहेत. नवी इयत्ता, घर बदलणे, पालकांचे आजारपण आणि पौगंडावस्था या टप्प्यांवर जुनी लक्षणे परत येतात. त्या वेळी सुरुवातीचा, लहान आणि संथ दिनक्रम पुन्हा काही आठवडे लावावा.

प्रतिपालन संपून मूल जन्मकुटुंबात, दत्तक घरात किंवा अन्यत्र जाणार असेल तर ही बातमी त्याला निश्चित झाल्यावर, पण निघण्याच्या पुरेशी आधी द्यावी. शक्य तितक्या भेटी नव्या घरातील माणसांसोबत आपल्या घरात सुरू करून मग तिकडे न्याव्यात. नव्या पालकांच्या हाती वैद्यकीय कागदांबरोबर दोन पानेही द्यावीत : हे मूल कशाने घाबरते, घाबरल्यावर कसे दिसते, कशाने सावरते, झोपण्यापूर्वी काय लागते, कोणते शब्द ऐकले की ते शांत होते. त्याचे कपडे आणि वस्तू नीट पेटीत भराव्यात, कचऱ्याच्या पिशवीत कधीही नव्हे. नव्या घरातील पालकांची तयारी असेल तर फोनची किंवा भेटीची ठरावीक वेळ आधीच निश्चित करावी, मुलाच्या चित्रपट्टीवर ती लावून द्यावी आणि ती वेळ न चुकता पाळावी.